रेडिएशन घेताना शेजारचे निरोगी अवयव कसे जपायचे

रेडिएशनचा झोत बाहेरून गाठीपर्यंत पोचतो, तेव्हा वाटेत त्वचा येते, स्नायू येतात, कधी फुप्फुस, कधी आतडं. एक्स-रेचा झोत तर गाठ ओलांडून पलीकडूनही बाहेर पडतो. त्यामुळे निरोगी भागाला अजिबात डोस जाणार नाही असा प्लॅन कोणत्याही मशीनवर बनत नाही. प्रोटॉनचा झोत ठरावीक खोलीवर थांबतो, पण गाठीच्या अलीकडच्या पेशींमधून त्यालाही जावंच लागतं.

तरीही करण्यासारखं बरंच असतं. कोणत्या अवयवाला किती डोस जाईल हे बव्हंशी पहिला शेक, म्हणजे रेडिएशनचा पहिला डोस, मिळण्याआधी ठरतं. बाकीचं ठरतं रोज टेबलवर तुम्ही कसे झोपता त्यावर. मशीनचं मॉडेल या दोन्हींनंतर येतं. प्लॅनिंगच्या खोलीत हेच काम रोज करताना एक गोष्ट फार जाणवते: पेशंट आणि घरचे बहुतेक प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, त्रास सुरू झाल्यावर विचारतात. तेच प्रश्न प्लॅन मंजूर होण्याआधी आले असते तर काही उत्तरं वेगळी देता आली असती. म्हणून हा लेख उपचाराच्या क्रमानेच लिहिला आहे.

पहिल्या भेटीतच सांगायच्या गोष्टी

यापूर्वी शरीराच्या कोणत्याही भागाला रेडिएशन घेतलं असेल, मग ते वीस वर्षांपूर्वी का असेना, तर ते सर्वांत आधी सांगा आणि जुने कागद मिळवा. कोणत्या भागाला, एकूण किती ग्रे (डोस मोजण्याचं एकक), किती सिटिंगमध्ये, कोणत्या साली. मज्जारज्जूसारखा अवयव आधी मिळालेला डोस पूर्णपणे विसरत नाही. जुना आकडा ठाऊक नसेल तर डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागतं, आणि असा अंदाज सुरक्षिततेसाठी कमी डोसाकडे झुकतो किंवा धोक्याकडे. दोन्ही नको असतं.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं उपकरण असेल तर त्याचं कार्ड घेऊन जा. झोत थेट त्या उपकरणावर पडू देत नाहीत, त्याचा एकूण डोस साधारण २ ग्रेच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो, आणि न्यूट्रॉन तयार होऊ नयेत म्हणून १० एमव्हीपेक्षा (मेगाव्होल्ट, झोताच्या ऊर्जेचं माप) जास्त ऊर्जेचा झोत टाळतात. स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपससारखे आजार असतील तर तेही सांगा, कारण अशा पेशंटमध्ये निरोगी ऊतींना उशिरा होणारी इजा जास्त तीव्र होऊ शकते. चालू केमोथेरपीची नावं, विशेषतः जेमसायटाबिनसारखी औषधं, रेडिएशनच्या डॉक्टरांच्या कानावर पडलीच पाहिजेत. दोन वेगळे डॉक्टर उपचार देत असले की हीच माहिती मध्येच अडकते.

मूल हवं असेल तर हा विषय लाजेपोटी पुढे ढकलू नका. अंडाशय आणि अंडकोष रेडिएशनला फार संवेदनशील असतात. ओटीपोटाला शेक द्यायचा असेल तर शुक्राणू किंवा बीजांड गोठवणं, किंवा शस्त्रक्रियेने अंडाशय झोताच्या कक्षेबाहेर वर सरकवून ठेवणं, हे पर्याय शेक सुरू होण्याआधीच वापरता येतात. नंतर नाही. गरोदर असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर तपासणी आधी करून घ्या.

तोंड-घशाचा कॅन्सर असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे आधी जा. काढायचे दात शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढले तर जखम भरायला वेळ मिळतो. रेडिएशननंतर जबड्याचं हाड बरं होण्याची ताकद हरवून बसतं. मग साधा दात काढल्याचं निमित्त होऊन हाड उघडं पडू शकतं.

डोसची भाषा, कामापुरती

डोस ग्रेमध्ये मोजतात. जुन्या पद्धतीने प्रत्येक सिटिंगला १.८ ते २ ग्रे देतात. घशाच्या कॅन्सरसाठी ७० ग्रे ३५ सिटिंगमध्ये, हे नेहमीचं उदाहरण. स्तनासाठी आता ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये सर्रास देतात.

अवयव दोन तऱ्हेने वागतात. मज्जारज्जू, मेंदूचा देठ, दृष्टीची नस हे विजेच्या तारेसारखे असतात: एका जागी तुटली की पुढचं सगळं बंद. इथे कमाल डोस बघतात, एखाद्या लहानशा ठिपक्यालाही जास्त गेलेला चालत नाही. फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, लाळग्रंथी यांचं काम अनेक छोटे भाग वाटून करतात, त्यामुळे काही भाग गमावूनही अवयव चालतो. तिथे सरासरी डोस आणि किती टक्के भागाला किती डोस गेला हे महत्त्वाचं.

२०१० साली क्वांटेक नावाच्या मोठ्या आढाव्याने या मर्यादा एकत्र मांडल्या, आणि आजही अनेक ठिकाणी चर्चेची सुरुवात त्यांच्यापासून होते. मज्जारज्जूला कमाल ५० ग्रे गेल्यास कायमची इजा होण्याचा धोका सुमारे ०.२ टक्के मानतात. ६० ग्रेला तो ६ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून बहुतेक जण ४५ ते ५० ग्रेच्या पुढे जात नाहीत. दोन्ही फुप्फुसं मिळून २० ग्रे किंवा जास्त डोस घेणारा भाग ३० ते ३५ टक्क्यांच्या आत आणि सरासरी २० ग्रेच्या आत हवी. कानाखालच्या पॅरोटिड लाळग्रंथींची सरासरी २५ ग्रेच्या आत, आणि एकच वाचवता येत असेल तर तिची २० च्या आत. दृष्टीच्या नसेला कमाल ५५. दोन्ही मूत्रपिंडांची सरासरी १८ च्या आत. प्रोस्टेटच्या उपचारात गुदाशयाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त भागाला ७५ ग्रे जाऊ नये.

हे सगळे आकडे रोज १.८ ते २ ग्रे देणाऱ्या पद्धतीचे आहेत. पाच सिटिंगमध्ये मोठे डोस देणाऱ्या उपचाराला ते लावू नका. तिथल्या मर्यादा खूप खालच्या असतात, कारण एका वेळी मोठा डोस गेला की निरोगी पेशींची दुरुस्ती मागे पडते. इंटरनेटवरचा तक्ता घेऊन घाबरलेले अनेक लोक इथेच चुकतात.

प्लॅनिंग सीटी: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

ज्या स्थितीत हा स्कॅन होतो, त्याच स्थितीत पुढचे सगळे शेक होतात. लोकांना तो आणखी एक स्कॅन वाटतो, पण पुढच्या पाच-सहा आठवड्यांचा पाया त्या अर्ध्या-पाऊण तासात घातला जातो.

थोडं गणित बघा. समजा गाठ ५ सेंटिमीटर व्यासाची, गोल. तिचं आकारमान सुमारे ६५ घन सेंटिमीटर. रोज झोपण्यात, श्वासात थोडा फरक पडतो म्हणून गाठीभोवती सुरक्षेची कड ठेवावी लागते. ही कड १० मिलिमीटर ठेवली तर पूर्ण डोस मिळणारा गोळा १८० घन सेंटिमीटरचा होतो, म्हणजे ११५ घन सेंटिमीटर निरोगी भाग नाहक आत येतो. कड ५ मिलिमीटरवर आणता आली तर गोळा ११३ चा, आणि आत येणारा निरोगी भाग ४८ चा. अर्ध्याहून कमी! हा फरक पडतो पेशंट रोज जागच्या जागी राहतो की नाही, आणि टीम रोज तपासून घेते की नाही यावर.

म्हणून टेबलवर पडल्यावर काही दुखत असेल, खांदा अवघडत असेल, पाठीखाली टोचत असेल तर त्याच वेळी सांगा. पंधरा मिनिटं सहन करता येणारी स्थिती तीसेक दिवस टिकत नाही. दुखणं असलेल्यांनी आधी वेदनाशामक घेऊन जायचं का, ते विचारून ठेवा.

चेहरा-मानेसाठी गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर बसवून मास्क बनवतात. बंदिस्त जागेची भीती वाटत असेल तर लपवू नका. भीतीने ताठ झालेल्या मानेवर मास्क बनला की पुढे मान सैल झाल्यावर तो नीट बसत नाही. दाढी, केस, कृत्रिम दात यांचं काय करायचं ते आधी विचारा आणि पुढे तसंच ठेवा. जीभ खाली दाबून ठेवणारा मुखपट्टा कधी कधी वापरतात. त्याने टाळू किंवा जीभ झोताबाहेर राहते.

डाव्या स्तनासाठी खोल श्वास रोखण्याची पद्धत आहे. छाती फुगली की फुप्फुस भरतं, हृदय मागे आणि खाली सरकतं, आणि छातीच्या भिंतीपासून त्याचं अंतर वाढतं. साधारण वीस सेकंद श्वास रोखता यायला हवा. घरी आठवडाभर सराव करून जा: आडवं पडून, हात डोक्यावर, सावकाश खोल श्वास, मग स्थिर. पोट फुगवण्यापेक्षा छाती वर उचलली जाते का ते बघा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, पालथं झोपून शेक घेणं हा काहींसाठी पर्याय असतो. पण केंद्राकडे सोय असताना कुणी विचारलंच नाही म्हणून ती राहिली, असं होऊ देऊ नका.

ओटीपोटाच्या उपचारात मूत्राशय आणि गुदाशय यांची शिस्त लागते. भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलतं. रिकामं गुदाशय प्रोस्टेटला किंवा गर्भाशयमुखाला जागेवर ठेवतं. नेहमीची पद्धत अशी: लघवी करून मोकळं व्हायचं, ४०० ते ५०० मिलिलिटर पाणी प्यायचं, सांगितलेला वेळ थांबायचं. स्कॅनच्या दिवशी ताण देऊन मूत्राशय टम्म भरू नका. कारण तेवढं रोज भरून ठेवणं जमणार नाही, आणि मग रोजची जागा प्लॅनशी जुळणार नाही. आरामात धरता येईल इतकंच भरा. पोटात गॅस असेल, शौचाला झालं नसेल तर सांगा, स्कॅन तासाभराने करता येतो. प्रोस्टेटसाठी काही ठिकाणी गुदाशय आणि प्रोस्टेट यांच्यामध्ये जेल टोचून सुमारे एक सेंटिमीटर अंतर तयार करतात. ते जेल काही महिन्यांत आपोआप विरघळतं.

छाती आणि वरच्या पोटातल्या गाठी श्वासाबरोबर हलतात. तिथे श्वासाच्या सगळ्या टप्प्यांचा स्कॅन घेतात, त्याला फोर-डी सीटी म्हणतात. अशा वेळी मुद्दाम हळू किंवा खोल श्वास घेऊ नका. नेहमीसारखा घ्या.

प्लॅन मंजूर होण्याआधी विचारायचे प्रश्न

स्कॅन झाल्यावर डॉक्टर एकेका चित्रावर गाठ आणि आजूबाजूचे अवयव रेखाटतात. मग फिजिसिस्ट, म्हणजे डोसचं गणित करणारा तज्ज्ञ, प्लॅन बनवतो. त्याला काही दिवस लागतात आणि त्या दिवसांत घाई केलेली चांगली नसते.

या टप्प्यावर डॉक्टरांना भेटून विचारा: माझ्या बाबतीत कोणत्या दोन-तीन अवयवांची काळजी आहे? त्यांना किती डोस जातोय आणि मर्यादा किती? एखादी मर्यादा ओलांडली जात असेल तर का? आणि शेवटचा, फार महत्त्वाचा: अवयव वाचवण्यासाठी गाठीच्या एखाद्या भागाचा डोस कमी केला आहे का? निरोगी अवयव वाचला पण गाठीची कड उपाशी राहिली, तर आजार तिथूनच परत येतो. अवयव जपणं हे उपचाराच्या आतलं काम आहे, उपचाराच्या बदल्यात करायचं नाही.

डोस-व्हॉल्युम आलेख दाखवायला सांगा. आडव्या अक्षावर डोस, उभ्यावर अवयवाचे टक्के. गाठीची रेषा शंभर टक्क्यांवर सरळ उजवीकडे जाऊन शेवटी एकदम खाली उतरायला हवी. अवयवांच्या रेषा डावीकडेच खाली घसरलेल्या दिसायला हव्यात. फुप्फुसाची रेषा २० ग्रेवर २८ टक्क्यांना छेदत असेल तर त्याचा अर्थ २८ टक्के फुप्फुसाला २० ग्रे किंवा त्याहून जास्त जातंय.

एक कल्पित उदाहरण घेऊ. डाव्या स्तनाच्या प्लॅनमध्ये साध्या श्वासावर हृदयाची सरासरी ४ ग्रे येते, श्वास रोखून केलेल्या स्कॅनवर २ ग्रे. या २ ग्रेची किंमत काय? स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयाच्या सरासरी डोसात दर १ ग्रेमागे हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि त्याच्या खाली सुरक्षित म्हणावी अशी पायरी सापडली नाही. २ ग्रेमागे साधारण १५ टक्के वाढ. ही वाढ मूळ धोक्यावर असते. मूळ धोका शंभरात २ असेल तर तो २.३ होतो. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांमुळे तो शंभरात १० असेल तर ११.५. म्हणून तंबाखू सोडणं आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणं हाही अवयव जपण्याचाच भाग आहे. छातीला शेक घेऊन सिगारेट चालू ठेवणाऱ्यांमध्ये पुढे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोकाही कितीतरी जास्त असतो.

प्रत्येक मर्यादा पाळता येतेच असं नाही. मग डॉक्टर प्राधान्य लावतात. डोळ्याच्या भिंगाला जास्त डोस गेला तर मोतीबिंदू होतो, पण त्यावर शस्त्रक्रिया आहे. मज्जारज्जूच्या इजेवर इलाज नाही. त्यामुळे भिंगाचा बळी देऊन मज्जारज्जू वाचवलेला प्लॅन वाईट नसतो. कारण समजून घ्या, एवढंच.

तंत्राच्या नावांबद्दल थोडक्यात

थ्री-डी (गाठीच्या आकाराला जुळवलेले साधे झोत), आयएमआरटी (प्रत्येक झोताची तीव्रता जागोजागी बदलणारी पद्धत), व्हीमॅट (तेच, मशीन फिरत असताना), प्रोटॉन अशी नावं ऐकून महागडं तेच चांगलं असं वाटतं. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये आयएमआरटीचा फायदा भक्कम आहे: ब्रिटनमधल्या पार्स्पोर्ट चाचणीत एका वर्षानंतर त्रासदायक कोरडं तोंड राहिलेल्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर आयएमआरटीत ३८ टक्के होतं. पण अनेक कोनांतून येणारा झोत मोठा डोस गाठीभोवती आवळतो आणि त्याच वेळी थोडा थोडा डोस मोठ्या भागावर पसरवतो. डाव्या स्तनासाठी श्वास रोखून दिलेले साधे दोन तिरके झोत कित्येकदा जास्त चांगले ठरतात, कारण उजवा स्तन आणि दुसरं फुप्फुस जवळजवळ डोसाबाहेर राहतं. लहान मुलं आणि तरुणांमध्ये, जिथे पुढे अनेक वर्षांचं आयुष्य आहे आणि दुसऱ्या कॅन्सरचा धोका मोजायचा आहे, तिथे प्रोटॉनची चौकशी जरूर करा.

शिशाचं ॲप्रन घालत नाहीत याने काहीजण अस्वस्थ होतात. उपचाराच्या एक्स-रेची ऊर्जा इतकी असते की पातळ शिशाने ती अडत नाही, आणि शरीराच्या आतून विखुरणारा भाग बाहेरच्या ॲप्रनने थांबत नाही. अंडकोषांसाठी मात्र जाड धातूचं खास कवच असतं. गरज असेल तिथे ते मागा.

रोजच्या शेकाला

स्कॅनच्या दिवशी केलेलं सगळं तसंच: तेवढंच पाणी, तेवढाच वेळ, तीच स्थिती. जागा जुळवण्यासाठी त्वचेवर केलेले टॅटूचे ठिपके किंवा शाईच्या खुणा घासून काढू नका. पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवू नका, टेक्निशियनला सांगा.

शेक देण्याआधी मशीनवरच छोटा स्कॅन घेऊन जागा जुळवतात. त्याचा डोस उपचाराच्या तुलनेत फारच थोडा असतो, आणि त्यातून मिळणारी अचूकता त्याहून मोलाची. टेक्निशियन ‘मूत्राशय कमी भरलंय, थोडं थांबा’ म्हणाले तर वैतागू नका. तो माणूस तुमचं आतडं वाचवतोय. झोत चालू असताना खोकला येत असेल किंवा हालचाल झाली तर हात वर करा, आतून कॅमेऱ्यात दिसतं आणि मशीन थांबवता येतं.

सिटिंग चुकवू नका. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबलेल्या दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण १ ते १.५ टक्क्यांनी घटते. खंड भरून काढायला डोस वाढवावा लागला तर त्याचा भार शेजारच्या अवयवांवरच पडतो.

वजन दर आठवड्याला करा. तोंड-घशाच्या पेशंटमध्ये वजन उतरलं की मास्क सैल होतो. गाठ आणि लाळग्रंथी आकसतात, आणि ग्रंथी आतल्या बाजूला, म्हणजे नेमक्या जास्त डोसच्या भागाकडे सरकतात. पहिल्या दिवशी जपलेली पॅरोटिड चौथ्या आठवड्यात जपलेली राहत नाही. मास्कमध्ये बोट सहज जातंय असं वाटलं, किंवा वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, तर नवीन स्कॅन करून प्लॅन बदलायचा का, हे स्पष्ट विचारा. गिळणं अवघड होण्याआधीच आहारतज्ज्ञाला भेटा. नळीने आहार घेण्याची वेळ आली तर त्याला हार समजू नका. जबडा उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून करायचे असतात. मोठ्या मात्रेतल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या किंवा कुणी सांगितलेले काढे डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आतून दिल्या जाणाऱ्या ब्रॅकीथेरपीत मूत्राशय आणि गुदाशय दूर ढकलण्यासाठी पट्टीचं पॅकिंग करतात. त्यानंतर हालचाल जितकी कमी, तितकं ते अंतर टिकतं. दुखत असेल तर वेदनाशामक मागा, कारण दुखलं की माणूस हलतोच.

शेक संपल्यावर

काही परिणाम उशिरा येतात, आणि तोवर लोक रेडिएशन विसरलेले असतात. छातीचा शेक संपल्यावर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप आला तर तो साधा सर्दी-खोकला समजू नका. फुप्फुसाला रेडिएशनची सूज आली असू शकते आणि तिला वेगळं औषध लागतं. मान वाकवल्यावर पाठीतून वीज गेल्यासारखं काही महिन्यांनी वाटलं तर ते बहुधा आपोआप जातं, पण डॉक्टरांना कळवाच. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मानेला शेक झाला असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करा. तरुणपणी छातीला रेडिएशन घेतलेल्या मुलींना स्तनाची तपासणी लवकर सुरू करावी लागते: उपचारानंतर ८ वर्षांनी किंवा वयाच्या २५ व्या वर्षी, यांतलं जे उशिरा येईल तेव्हा. योनिमार्गाला शेक झालेल्या स्त्रियांनी डायलेटर (योनिमार्ग आकसू नये म्हणून वापरायची नळी) कसा वापरायचा ते नर्सकडून मोकळेपणाने समजून घ्यावं. ओटीपोटाच्या शेकानंतर शौचातून रक्त आलं तर तपासणी करायलाच हवी. पण प्रोस्टेटचं रेडिएशन झालं आहे हे दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा गरज नसताना काढला तर ती जखम भरणं अवघड जातं.

आणि शेवटच्या सिटिंगला उपचाराचा सारांश लेखी मागून घ्या. त्यात शेक दिलेला भाग, एकूण ग्रे, सिटिंगची संख्या, सुरुवात आणि शेवटची तारीख, तंत्र आणि मुख्य अवयवांना गेलेले डोस हवेत. शक्य असेल तर प्लॅनची फाइल डायकॉम स्वरूपात (दवाखान्यांच्या संगणकांना वाचता येणारं प्रमाणित स्वरूप) सीडी किंवा पेनड्राइव्हवर घ्या. अनेक वर्षांनी पुन्हा शेकाची गरज पडली, तर नवीन प्लॅन त्याच फाइलवर ठेवून जुना डोस कुठे पडला होता ते पाहता येतं. एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, आणि दंतवैद्य असो की सर्जन, नव्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना ती सोबत न्या.